अंगठ्याच्या बुडाशी घेतलेली सुई

माझ्या आईचा उजवा अंगठा दुखतो हे मला एका ओल्या चादरीमुळे कळलं. मी सुट्टीला धुळ्याच्या घरी गेले होते. ती चादर न पिळताच दोरीवर टाकत होती आणि खाली पाण्याचं थारोळं साचत होतं. मी म्हटलं, "पिळत का नाहीस?"

"ऊन कितलं शे. वायी जाई," ती म्हणाली.

ऊन खरंच कडक होतं आणि चादर वाळणारच होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही. संध्याकाळी तिने कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली. "तू उघड," म्हणाली. तेव्हा मी तिचा हात धरून पाहिला. मनगटाच्या जरा वर, जिथे अंगठा हाताला येऊन मिळतो, तिथे हाड बाहेर आल्यासारखं दिसत होतं. आमच्याकडे त्या जागेला अंगठ्याचं बूड म्हणतात. मी तिथे बोट ठेवलं आणि तिने हात काढून घेतला.

मी आईला माय म्हणते. ती अहिराणीत बोलते. इथे मी तिचं बरंचसं बोलणं नेहमीच्या मराठीत लिहिणार आहे. काही वाक्यं मात्र तिची तिलाच ठेवते, कारण ती माझ्या मराठीत येत नाहीत.

माय मांडे करते. खानदेशाबाहेर मांडे फारसे कुणाला माहीत नसतात. ही पुरणपोळीच, पण लाटलेली नसते. कणीक तासभर तिंबून इतकी मऊ करायची की ती ओढली तर रबरासारखी लांबेल. तिचे दोन गोळे घ्यायचे, मध्ये पुरण भरायचं, कडा अंगठ्याने दाबून बंद करायच्या. मग हाताला पाणी लावून तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत वाढवायचा, आधी पंज्यावर, मग मनगटावर, शेवटी कोपरापर्यंत. पातळ झाला की चुलीवर उपडी घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. खापर तापलेलं असतं, मांडा मिनिटभरात होतो. लग्नात पाचशे पानं असली तर मांडे करणाऱ्या चार-पाच बाया सकाळपासून दुपारपर्यंत उठत नाहीत. तिंबणं, दाबणं, पेलणं, सगळं अंगठ्याच्या बुडावर येतं. माय हे काम एकोणीस वर्षांची असल्यापासून करते आहे.

आमचं घर तिच्या मांड्यांवर चाललं. माझे वडील एका छापखान्यात मशीन चालवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं वाटायचे. पाण्यासाठी, कामाच्या तासांसाठी, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध. मला वाचायला कुणी शिकवलं नाही. घरात मांडणीवर, ट्रंकेत, गादीखाली सगळीकडे पत्रकंच होती, त्यांवर मी अक्षरं लावत गेले. माझा पहिला शब्द बहुधा "बंधुभगिनींनो" असावा. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. पत्रकं लिहायचं मी थांबवलं नाही. आता जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि आमचा सात-आठ जणांचा गट आहे, तो अजून छापतो आणि आठवडेबाजारात वाटतो.

त्यातलं एक पत्रक सुईविरुद्ध होतं. आमच्या भागात शेतावर राबलेलं माणूस डॉक्टरकडे जातं ते सुईच मागायला. गोळी दिली तर त्याला वाटतं डॉक्टर कच्चा आहे. मग डॉक्टरही सुई देतो, सलाईन लावतो, रंगीत पाण्याचं लावतो. मी त्यावर तीन रात्री जागून चार पानं लिहिली. सुई म्हणजे औषध नव्हे, असा मथळा होता. शेवटी मोठ्या अक्षरांत: कशासाठी देता, काय होईल, काय त्रास होईल, हे डॉक्टरला विचारा, उत्तर मिळेपर्यंत बाही वर करू नका. मायने त्याच्या शंभर प्रती नेल्या होत्या. मांडे करणाऱ्या बायांत वाटल्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना चुलीपाशी बसून वाचून दाखवल्या. त्या बायांची म्होरकी एक अक्का आहे, साठीची, तोंडाने फटकळ. ती मायला म्हणाली होती, "तुनी पोर लिखस ते ठीक शे, पन तिले मांडा येस का?"

"नही."

"मंग पत्रकमा पुरन भर अन् टाक खापरवर."

बाया हसल्या. माय पण हसली. मला तिने हे फार कौतुकाने सांगितलं होतं.

म्हणून अंगठा दुखायला लागल्यावर पुढचं दीड वर्ष माय डॉक्टरकडे गेली नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं की या दुखण्यावर जागेवरच सुई देतात. ती कुणाला काही बोलली नाही. मोहरीचं तेल गरम करून लावायची, जुन्या साडीची पट्टी बांधायची, आणि लग्नाच्या कामाला जाताना ती पट्टी सोडून पिशवीत ठेवायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तूच लिखेल शे ना, सुई लेवानी नही म्हनीसन?"

मी सांगितलं की ती सुई वेगळी, ही वेगळी. ती म्हणाली, "पत्रकमा तं वेगळी लिखेल नव्हती."

खरंच लिहिलेली नव्हती.

फेब्रुवारीत मी तिला जळगावला आणलं. हाडांचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर, जिन्यात चपलांची रांग. डॉक्टर तरुण होते, बोलायला नीट होते. त्यांनी तिचा अंगठा धरून बुडाशी जरा दाबून फिरवला आणि आतून बारीक करकर झाल्यासारखं मलाही जाणवलं. एक्स-रे पाहून त्यांनी मला दाखवलं. मला, तिला नाही. ती शेजारी खुर्चीवर पदर सावरून बसली होती आणि ते माझ्याकडे पाहून म्हणत होते, "आईंच्या या दोन हाडांमधली गादी झिजली आहे. इथे बघा, हाड हाडाला लागतंय." मी म्हणाले, "त्यांना सांगा." मग त्यांनी तिला सांगितलं, तेही चांगलं सांगितलं. अंगठ्याला पट्टा लावता येईल. गोळ्या आहेत, पण पोटाला त्रास देतात. शस्त्रक्रिया आहे, ती आत्ता नको. आणि सांध्यात द्यायचं इंजेक्शन आहे. सूज उतरते, दुखणं कमी होतं.

"कितला दिवस?" मायने विचारलं.

"कुणाला दीड महिना, कुणाला सहा महिने. कुणाला अजिबात फरक पडत नाही. खोटं सांगत नाही, आजी."

"आजी" म्हटल्यावर माय जरा हसली. तिला अजून साठ लागलेलं नाही. तिने विचारलं, "मांडे करता येतील?"

डॉक्टरांना मांडे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते बाहेरच्या जिल्ह्यातले असावेत. मी समजावलं. ते म्हणाले, "येतील, पण जितकी कणीक तिंबाल तितका सांधा लवकर झिजेल."

"म्हंजे येतीन," माय म्हणाली.

तिला एवढंच हवं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आणि लग्नसराई दोन महिन्यांवर होती. त्या आधीच्या लग्नसराईत तिच्या हातून दोन मांडे खापरावर जाता जाता फाटले होते आणि अक्काने ते कुणाला दिसायच्या आत बाजूला सारले होते. फाटणारीला पुढच्या लग्नाला बोलवत नाहीत. तसा नियम कुणी केलेला नाही, पण बोलवत नाहीत. माय पहिल्यांदाच सुईला हो म्हणाली होती, आणि ते माझ्या चार पानांच्या विरोधात जाऊन म्हणाली होती.

मग नर्सने एक कागद आणून दिला. सही करायची होती. कागद इंग्रजीत होता. मी मायला म्हटलं, मी वाचते आणि सांगते. एकेक ओळ वाचली. दोन दिवस दुखणं वाढू शकतं. साखर असेल तर ती वाढू शकते. क्वचित जंतुसंसर्ग होऊ शकतो. फरक पडेल याची खात्री नाही. आणि मध्ये एक ओळ होती: सुईच्या जागी कातडी पातळ होऊ शकते किंवा तिचा रंग फिका पडू शकतो.

ती ओळ मी सांगितली नाही.

का सांगितली नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं, सरळ आणि लहान. एक तर ती नुकतीच हो म्हणाली होती, आणि मला भीती वाटली की आता काही वेगळं ऐकलं तर ती परत पत्रकावर जाईल. दुसरं, मला ती ओळ महत्त्वाची वाटली नाही. कातडीचा रंग. मी गोरं करणाऱ्या क्रीमविरुद्ध लिहिलेलं आहे. काळ्या मुलींच्या लग्नांवर लिहिलेलं आहे. रंगाने काय फरक पडतो, असं मी मनात ठरवलं आणि पुढची ओळ वाचली. हात तिचा होता आणि ठरवलं मी. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

सुई आतल्या लहान खोलीत दिली. तिचा हात हिरव्या कापडावर ठेवला. डॉक्टरांनी डाव्या हाताने तिचा अंगठा पुढे ओढून धरला, म्हणजे दोन हाडांमध्ये जागा होते म्हणाले, आणि उजव्या हाताने सुई बुडाशी घातली. माय वर पंख्याकडे पाहत होती. मी सुईकडे पाहत होते. सुई थोडी आत गेली, थांबली, जरा वळली, परत आत गेली. डॉक्टर म्हणाले, "जागा फार कमी राहिलीय." पिस्टन हळूहळू खाली गेला. मला काही वाटत नव्हतं. मला वाटलं होतं की हात घट्ट धरावासा वाटेल, डोळ्यांत पाणी येईल. मी मोजत होते, पिस्टनवरच्या रेघा.

"दुखलं का?" मी विचारलं.

"मुंगी चावस तसं."

दोन दिवस तिचा अंगठा फुगल्यासारखा दुखला. ती माझ्याच खोलीवर होती. मी बर्फ लावला, भात करून दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने माझे दोन कुर्ते धुतले आणि पिळले. मी पाहत होते. पाण्याची शेवटची धार पडून गेली तरी ती पिळत होती.

त्या वर्षीची आखाजी आणि त्यानंतरची पहिली लग्नं तिची फार चांगली गेली. पारोळ्याजवळच्या एका गावातून तिने फोन केला होता, मागे चुलींचा धूर आणि बायांचा गलका. अक्काने फोन हिसकावून घेतला आणि मला म्हणाली, "तुनी मायना हात नवा करी आना व तू! कोनता दुकानमा भेटस सांग, मी बी एक जोडी लेस."

मी हसले असेन. आठवत नाही.

एप्रिलच्या शेवटी मी धुळ्याला गेले तेव्हा मायच्या अंगठ्याच्या बुडाशी मला पांढरं दिसलं. मला वाटलं पीठ लागलंय. ती नुकतीच कणकेतून उठली होती. मी बोटाने पुसलं. पुसलं गेलं नाही. बोराएवढा डाग होता, मधोमध जवळजवळ गुलाबी, आणि तिथली कातडी जराशी आत गेलेली. तिने सांगितलं की तिलाही आधी पीठच वाटलं. मग तिने घासणी घेऊन घासलं. मग हळद लावली. मग काही लावायचं बंद केलं.

"दुखतंय का?"

"काहीच नही दुखत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिचा हात कित्येक वर्षांत इतका चांगला नव्हता.

मला ती ओळ आठवली. मी तेव्हा सांगू शकले असते. म्हणाले, "जाईल हळूहळू."

मे महिन्यात पाचोरा तालुक्यातल्या एका गावी लग्न होतं. जळगावहून जवळ, म्हणून मीही गेले. खरं म्हणजे मला तिला मांडे करताना पाहायचं होतं. पाच चुली लावल्या होत्या, शेडखाली. माय मधल्या चुलीवर होती. तिने मांडा हातावर घेतला की तो पदरासारखा उघडत जायचा. कोपरापर्यंत आला की त्यातून पलीकडची चूल अंधुक दिसायची. मग एका झटक्यात खापरावर. एकही फाटला नाही. मी पंचेचाळीसपर्यंत मोजले.

मग नवरदेवाची आत्या मांडे कसे झालेत ते पाहायला आली. कौतुकच करायला आली होती. वाकून पाहत होती, आणि मायने नवा गोळा घेऊन कडा अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. आत्याचं बोलणं मध्येच थांबलं. ती थोडी मागे सरकली. "हातले काय व्हयनं, बाई?"

"सुई लेल शे. दवाखानानी सुई," मायने सांगितलं.

आत्याने मान हलवली आणि ती अक्काला घेऊन शेडच्या कोपऱ्यात गेली. मला ऐकू आलं नाही. शब्द एकच ऐकू आला: कोड.

अक्का परत आली. मायच्या शेजारी बसली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाली, "जरा पुरनवर बस तू. मी पाहस आठे."

माय उठली. पुरणाच्या पातेल्यापाशी गेली. पाच मिनिटांनी एक मुलगी आली आणि पातेलं उचलून घेऊन गेली, आत हवंय म्हणाली. ते आत नेलं नाही, पलीकडच्या चुलीपाशी ठेवलं. माय तिथे थोडा वेळ बसून राहिली, समोर काही नव्हतं. मग उठून तिने हात धुतले, साबणाने, दोनदा, आणि मांडवात येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

कुणी अपमान केला नाही. उलट त्यांनी तिला पहिल्या पंगतीला बसवलं, साडी दिली, आग्रह करकरून वाढलं. ताटात मांडाच होता. ती जेवली.

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. कोड संसर्गजन्य नसतं. हे कोडही नाही. आणि ते असतं तरी त्या हाताने केलेल्या मांड्याला काही झालं नसतं. तीन वाक्यं, मी ती हजार वेळा वेगवेगळ्या विषयांवर लिहिलेली आहेत. मंडप, लाऊडस्पीकर, दोनशे माणसं, सगळं समोर होतं. भीती वाटत होती असं नाही. माझ्यात तेव्हा काहीच चाललेलं नव्हतं. मी राग शोधत होते, जसा खिशात रुमाल शोधावा तसा. शेजारच्या बाईने मला भात हवा का विचारलं आणि मी हो म्हणाले.

वरणगावच्या फॅक्टरीत ज्याचं बोट जातं त्याचा अहवाल होतो, रजा होते, कुणीतरी विचारपूस करायला येतं. तो त्याचा हक्कच आहे, तो कमी करा असं मी म्हणत नाही. पण मांडे करणारीचा सांधा झिजला तर त्याला वय झालं म्हणतात, आणि डाग पडला तर तिला साडी देतात. हे वाक्य मी त्या दिवशी लिहायला हवं होतं. आज लिहिते आहे, आणि लिहितानाही मला तितकंसं काही वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

"दोन," माय म्हणाली.

"आधी?"

"नऊ."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग तिनेच हात पुढे करून डाग दाखवला. ते म्हणाले, "हां, हे होतं कधी कधी. औषध थोडं वर, कातडीखाली झिरपतं. सहा महिने, वर्षभर लागतं, बहुतेकांचा रंग परत येतो. कागदात लिहिलेलं होतंच ते."

"कागदमा?" माय म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उठताना त्यांना नमस्कार केला.

धुळ्याची बस मिळाली ती रिकामी होती. मी तिला सोडायला जाणार होते. एरंडोल गेलं. खिडकीची काच खडखडत होती, तिने ती उजव्या हाताने दाबून धरली होती. पारोळ्याच्या अलीकडे तिने विचारलं, "तुले मालूम व्हतं?"

"हो."

"वाचेल व्हतं?"

"हो."

"मंग?"

मी सांगितलं. मला वाटलं तू नाही म्हणशील, आणि मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. एवढंच. वाक्यं लांबवण्यासारखं काही नव्हतं.

तिने काचेवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुना हात नव्हता ना तो."

पुढे ती जे म्हणाली ते असं: तिने सुई घेतलीच असती. पण डाग पडू शकतो हे कळलं असतं तर तिने ती फेब्रुवारीत घेतली नसती. पावसाळा लागल्यावर घेतली असती. तेव्हा चार महिने लग्नं नसतात. हात कुणी पाहत नाही. डाग पडला असता तर पडला असता, लग्नसराई येईपर्यंत त्याचं काय होतं ते तिला दिसलं असतं. ही लग्नसराई तिने तेल-पट्टीवर काढली असती, जशी आधीची काढली होती.

मला तेव्हाही हिशोब दिसत होता की याने बहुतेक काही साधलं नसतं. सुईचा असर लग्नसराईपर्यंत टिकला नसता, आणि डाग कदाचित तसाच राहिला असता. हे मी बोलले नाही. तिने निवडलेलं चुकलं असतं तरी ते तिने निवडलेलं असतं. मला दुसऱ्यांना हे सांगता येतं. छापून, मोठ्या अक्षरांत.

"तू माले इचारती ते बरं व्हतं," ती म्हणाली. नंतर तिने बसमध्येच डोळे मिटून घेतले. झोपली होती की नाही, कळलं नाही.

घरी पोचलो तर अक्का ओट्यावर येऊन बसलेली. पाचोऱ्यानंतर ती पहिल्यांदा येत होती. मायने चहा ठेवला. अक्काने बशीत ओतून प्यायला, सगळा, आणि कप स्वतः विसळायला घेतला. मायने तो तिच्या हातातून घेतला. थोडा वेळ दोघी उन्हाळ्याविषयी, पाण्याच्या टँकरविषयी बोलल्या.

मग अक्का म्हणाली, "माले मालूम शे व, ते कोड नही. बठ्ठी बायास्ले मालूम शे. पन लगीनघरना धनीले कोन सांगी?"

"कोन सांगी," माय म्हणाली.

नरडाण्याला दोन दिवसांनी लग्न होतं, मोठं. अक्काने हळूहळू सांगितलं. तिच्याकडे कणीक तिंबणारं कुणी नाही. दोघी सुना नव्या आहेत, त्यांची कणीक तुटते. मायसारखी कणीक कुणाची होत नाही. त्या घराला मागे एक खोली आहे, दार लावून घेता येतं. मायने तिथे बसून कणीक तिंबून द्यायची. बाहेर यायचं नाही. गोळे अक्का स्वतः उचलून नेईल.

"दरवाजा लाईसन?"

"लाईसनच. माले बी वाईट वाटस व. पन तू घरमा बसीसन काय करशी?"

मी दारात उभी होते. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते हेच होतं, तिंबणं. सगळ्यात जास्त बुडावर येतं ते. सुईने दिलेले दिवस बंद खोलीत, परातीवर, लवकर संपणार होते, आणि मांडा हातावर घ्यायला तिला मिळणार नव्हता. तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं. अक्काला सांगावं, मला दाराआड बसवायचं असेल तर तुझी कणीक तूच तिंब. मी ते वाक्य तिच्या तोंडी देऊ शकले असते.

माय आपल्या अंगठ्याकडे पाहत होती. डाग दुसऱ्या हाताने झाकलेला नव्हता. तिने अंगठा दोनदा उघडून मिटला.

"कितली कनीक?" तिने विचारलं.

"तीस किलो."

"एकटीले?"

"मी येस ना मधमा मधमा."

"तू काय येशी. तुले खापर सोडता येई का?" माय म्हणाली. मग जरा थांबून, "एक मांडा माले आत आनी दाखाडजो. कनीक कशी व्हयनी ते बिगर दखता माले समजाव नही."

"दाखाडसू."

"अन् फाटना तं बी दाखाडजो."

"दाखाडसू वं," अक्का म्हणाली, आणि उठली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पत्रकवाली, सुकी गयी ना तू. काही खा."

ती गेल्यावर मायने मोठी परात काढली आणि ती नीट आहे की नाही ते उलटी करून पाहिलं. मी विचारलं, "नक्की जाणार?"

"हां."

"मी येऊ?"

ती बराच वेळ परात पुसत होती. "ये," म्हणाली. "पन कोन्हाशी बोलू नको."

मी हो म्हणाले. तिने नरडाण्याला जाणाऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली. मी फोनमध्ये पाहून सांगितली. मग तिने मला पीठ चाळायची चाळणी वरच्या फळीवरून काढून द्यायला सांगितली आणि मी ती काढून दिली.